शेवटच्या बाटलीतलं पाणी

१२ फेब्रुवारी

प्रिय पाहुणबाई,

मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद हे तू तुझं तूच वाचून घे. तुमच्या घरात मोठी तू आणि लहान ठकी, म्हणजे काम सोपं आहे. तुझं कार्ड पोचलं. तू इथून गेल्यापासून पहिल्यांदाच तुझं अक्षर पाहिलं, आणि क्षणभर वाटलं, कुणीतरी नोटीसच धाडली, इतकं ते सरळ आणि रागावलेलं होतं.

‘पाहुणबाई’ म्हटलेलं अजून चालतं ना? एका दुपारी धाकट्याबरोबर चहाला म्हणून आलीस आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना त्यांची त्यांची झाकणं शोधून लावलीस, तेव्हा हे नाव पडलं. धाकटा माझ्या कानात म्हणाला होता, “ताई, ही पाहुणी काही आज जात नाही.” मी म्हटलं, जाऊ देऊ नकोस, गाढवा. माझ्या भावाला आयुष्यात दिलेल्या सल्ल्यांपैकी त्याने ऐकलेला तो एवढाच.

इकडचं म्हणशील तर स्वयंपाकघरातला नळ गळतो. उजवा गुडघा कुरकुरतो. प्रयोगशाळेत नवे साहेब आलेत, वयाने माझ्या निम्मे, आणि त्यांना रिकाम्या जागेचं वेड आहे. भिंतींना पांढरा रंग झाला, पडदे गेले, आता कपाटांवर डोळा आहे. मध्यंतरी माझ्या टेबलाशी येऊन फार अदबीने म्हणाले, “मॅडम, या जुन्या बाटल्यांतलं काय ठेवायचं, काय टाकायचं, ते तुम्हीच बघून सांगता का? महिनाअखेरीपर्यंत?” मी चांगली खरडपट्टी काढली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि स्वतःच्या हाताने मला चहा करून आणला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं! धाकटा असता तर तास-दीड तास सहज निघाला असता.

तर सध्या तेच करते आहे. तुला ती खोली आठवते ना, दुसऱ्या मजल्यावरची, समुद्राकडे खिडकी असलेली? तू दारातूनच आत बघायचीस आणि नाकाला पदर लावायचीस. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनचा वास आमच्या केसांत बसतो म्हणून तू आम्हा दोघांना उंबऱ्याबाहेर हात धुवायला लावायचीस. तीच खोली, तेच लांब टेबल, तेच दोन मायक्रोस्कोप. धाकट्याचं स्टूलही तेच. तो ताडमाड, त्याने ते त्याच्या मापाने चढवून ठेवलंय. मी त्याच्यावर बसते तेव्हा माझे पाय शाळकरी पोरीसारखे लोंबकळतात. साहेब म्हणाले, खाली स्क्रू आहे, फिरवला की उतरतं. मला काय माहीत नाही होय स्क्रू आहे ते!

समुद्र या आठवड्यात फिरला. तुला आमच्या कामातलं काही ऐकायचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण एवढं ऐकून घे. एरवी आपल्याकडचं पाणी निळं आणि उबदार. वरचा उबदार थर खालच्या गार पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा बसलेला असतो, आणि खालचं काही वर येऊ देत नाही. ऊन भरपूर, पण खायला कमी. म्हणून त्या पाण्यात प्लवक, म्हणजे प्रवाहाबरोबर तरंगणारी जीवसृष्टी, बारीक, विरळ, मात्र तऱ्हेतऱ्हेचं असतं. मग वर्षातून एकदा वारा किनाऱ्याला धरून वाहू लागतो, साय बाहेर ढकलतो आणि तळचं गार पाणी वर येतं, सगळं खत घेऊन. सगळ्यात आधी ते दीपगृहाच्या टोकाखाली, म्हणजे त्या भूशिरालगत, येतं, कारण तिथे तळ एकदम खोल जातो. तिथून ते इकडे पसरतं. पाणी हिरवं होतं. डायटमच्या, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या, साखळ्याच साखळ्या. मोजक्याच जातीचे जीव, पण अलोट. जाळं वर काढलं की शेवाळलेल्या फडक्यासारखं लिबलिबीत येतं.

आणि आपला जिना गार पडतो. खिडकीवर बाहेरून दव धरतं. तो शेवाळी वास येतो. तो तुला माहीत आहे, कारण गेल्या वर्षी त्याच दिवसांत तू ठकीचा हात धरून जिना उतरलीस.

या दिवसांत ते स्टूल करकरतं. मी त्याच्यावर बसलेली नसतानासुद्धा. गारव्याने लाकूड आकसतं, हे लोकांना समजावून सांगण्यात माझे केस पांढरे झाले, तेव्हा ते मला सांगू नकोस. तरी परवा ते करकरलं आणि मी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता थोडी बाजूला सरकले. तो मागे उभा राहून “ताई, सरक” म्हणायचा ना, तशी. सरकले आणि वाट बघत बसले. खोलीत कुणी नव्हतं हे बरं झालं.

ठकीला काय लिहायचं ते माझ्या लक्षात आहे. लिहिते. नीट बसून लिहिते. बाटल्या बऱ्याचशा आवरल्या, फक्त खालचा खण राहिलाय.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

पाहुणबाई,

“ताई, नळ आणि गुडघा पुरे. मी एक ओळ मागितली होती.” हे तुझं दुसरं कार्ड माझ्यासमोर आहे. तुझं म्हणणं रास्त आहे. ठकी विचारते, बाबा घाबरला होता का. तू तिला सांगितलंस की सगळं एका क्षणात झालं, घाबरायला वेळच नव्हता. पण ती म्हणते, तुला काय माहीत, तू होतीस का तिथे? आत्याला विचार, आत्याला समुद्रातलं सगळं कळतं. म्हणून तुला माझ्या अक्षरात ती एक ओळ हवी आहे. क्षणात गेला, एवढीच.

मागच्या पत्राआधी कितीदा ती ओळ लिहायला बसले. एका महिन्यापूर्वी मागितली असतीस तर सहज लिहून दिली असती. मी तरी तेच धरून चालले होते ना! चौकशीतही तेच ठरलं होतं. होडीवाला तापाने पडला होता म्हणून नमुने घ्यायला धाकटा एकटाच गेला. समुद्रातल्या ठरलेल्या पाच जागा, प्रत्येक जागेची एक बाटली. होडी पुढे कोळ्यांना सापडली, लांब दक्षिणेला, पाण्याने अर्धी भरलेली, इंजिन बंद, आत कुणी नाही. बाकाखाली बाटल्यांचा क्रेट मात्र दोरीने घट्ट बांधलेला. सगळ्या बाटल्या भरलेल्या, शेवटच्या जागेचीसुद्धा. शेवटची जागा तो नेहमी सकाळीच उरकायचा. म्हणजे सकाळी शेवटचं जाळं ओढलं, बाटली भरली, आणि त्यानंतर कधीतरी तोल गेला. सगळ्यांना पटलं. मला पटलं. तुला पटावं अशी तर माझी फार इच्छा होती, आणि का ते आपल्या दोघींनाच माहीत आहे.

त्या संध्याकाळी तू दारात उभी होतीस. तो नेहमीच उशीर करायचा, म्हणून तू दिवे लागेपर्यंत कुणाला काही बोलली नाहीस. मग बंदरावर गेलीस. ते म्हणाले, उजाडलं की निघतो. पुढे मला रडत म्हणाली होतीस, “ताई, तो सकाळीच गेला असेल तर मी उशीर केला असं होत नाही ना?” मी म्हटलं, नाही होत. तेवढ्या एका गोष्टीवर तू उभी आहेस. ती मी हलवायला निघाले आहे, म्हणून नळ आणि गुडघा चालला होता.

खालच्या खणात त्याचा क्रेट होता. खण ‘राहिलाय’ असं तुला लिहिलं तेव्हा तो उघडून झाला होता. चौकशीवाल्यांनी परत केला तसाच ठेवला होता मी, तोंड भिंतीकडे करून. साहेबांनी आवरायला सांगितलं नसतं तर मी मरेपर्यंत तो उघडला नसता. उघडला. पहिल्या चारही बाटल्यांत जे असायला हवं तेच होतं. निळ्या, उबदार पाण्यातले जीव, विरळ, नाना तऱ्हेचे. त्या दिवशी अजून साय जागेवर होती. आणि शेवटची जागा तर सगळ्यात बाहेर, तिथे पाणी आणखीच निळं.

शेवटची बाटली हिरवी होती.

मी ती उजेडात धरली आणि आधी वाटलं, माझ्याकडूनच दुसऱ्या कुठल्या दिवसाची बाटली मिसळली. पण आत चिठ्ठी होती. आमच्याकडे चिठ्ठी बाटलीच्या आत टाकतात, शिसपेन्सिलीने लिहून, कारण शाई पाण्यात विरते. आणि ती आधीच, घरी, कोरड्या हाताने लिहून ठेवतात. ही ठकीने लिहिलेली होती. जेवणाच्या टेबलावर बसवून तो तिच्याकडून लिहून घ्यायचा, आठवतं? ‘शेवटची जागा’, खाली ‘ठकी’, आणि ‘ठ’च्या पोटात तिने काढलेला डोळा. सगळ्यांनी ती चिठ्ठी वाचली, चौकशीवाल्यांनी, तेव्हाच्या साहेबांनी, मी. बाटलीतलं पाणी कुणी बघितलं नाही. चिठ्ठी असताना पाणी कशाला बघायचं? आमच्या धंद्यातलीच ही खोड आहे.

आता पाणी काय म्हणतं ते सांगते, घाई न करता वाच.

ते दीपगृहाच्या टोकाखालचं पाणी आहे. त्या दिवसांत हिरवं पाणी फक्त तिथेच वर आलेलं होतं. म्हणजे शेवटच्या जागेवर तो पोचलाच नाही. चौथीनंतर इंजिन बंद पडलं असणार. वाऱ्याने आणि प्रवाहाने त्याला किनाऱ्याकडेकडेने टोकाखाली नेलं. त्याला तिथवर जायला दिवस लागला असणार.

आणि दुसरं. त्या बाटलीत एका जातीचा कोपेपॉड आहे. कोपेपॉड म्हणजे तांदळाच्या कणीएवढा जीव, दोन लांब मिशांचा. याच्या अंगावर एका बाजूला काळं बटण असतं. हा दिवसा वर येत नाही. उजेडात मासे टिपतात म्हणून खाली काळोखात दडून राहतो आणि अंधार पडल्यावरच वर चढतो. दिवसा चुकून एखादा सापडला तर सापडला. या बाटलीत शेकडो आहेत. धाकट्याकडे हाताने ओढायचं छोटं जाळं होतं, आखूड दोरीचं, ते पाण्याच्या वरच्या वरच फिरतं. तेव्हा दुसरा काही अर्थ निघत नाही. मी चार दिवस दुसरा अर्थ शोधला. साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग टेबलावरचा रुमाल घेऊन उगाच लेन्स पुसत बसले.

अंधार पडल्यावर तो जिवंत होता, पाहुणबाई. तू दारात उभी होतीस तेव्हा तो होता. मीही होते, खिडकीशी, हातात चहाचा कप.

हे लिहून मी उठले होते. पुन्हा बसले.

आता माझं पुढचं ऐक. हे समजूत घालायला लिहीत नाही, तुला माहीत आहे मला ते जमत नाही. तू दुपारीच बंदरावर धावली असतीस, तर ते लोक शेवटच्या जागेवर गेले असते. दुसऱ्या दिवशी तिथेच गेले होते ना! शोधाचा नकाशा तिथूनच सुरू झाला. मला विचारलं असतं तर मीही तिथलंच बोट दाखवलं असतं, सगळ्या जगात या पाण्याला ओळखणारी मी एकटी असल्यासारखी मिरवते, मीसुद्धा. टोकाखाली कुणी गेलं नसतं. तो जिथे होता ते ठिकाण फक्त या बाटलीला माहीत होतं, आणि बाटली त्याच्याजवळ होती. तुझ्या उशिराने काहीही बदललं नाही. आधी आपण हे धरून चाललो होतो, आता मी ते बघितलं आहे. तू त्यावर उभी राहू शकतेस. आधीच्यापेक्षा ही जागा कडक आहे, टोचेल, पण खचणार नाही.

मला दिवसातून किती वेळा वाटतं, न उघडता ओतून टाकली असती तर बरं झालं असतं. मग रात्री झोप लागत नाही, आणि वाटतं, तो तिथे काळोखात एकटा बसलाय आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला सकाळीच मारून टाकलं. त्याच्या आयुष्यातला एक पूर्ण दिवस आपण त्याला दिलाच नाही. हे मला सहन होईना.

ठकीला खोटं लिहिणार नाही. सोबत तिचं पत्र आहे, पाकीट उघडंच ठेवलंय. आधी तू वाच. द्यायचं की नाही ते तू ठरव. नाही दिलंस तर मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुला कळू देणार नाही.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

ठकूबाई,

तुझ्या आईने तुझा प्रश्न मला कळवला. फार चांगला प्रश्न आहे. मोठ्या माणसांनी तो विचारायला हवा होता, पण आम्ही घाबरट.

बाबा त्या दिवशी सकाळी गेला नाही. इंजिन बंद पडलं, आणि होडी वाहत वाहत दीपगृहाच्या टोकाखाली गेली. संध्याकाळ झाली, अंधार पडला, तेव्हा तो होडीत होता. त्याच्याजवळ एकच बाटली रिकामी होती, तू चिठ्ठी लिहिलेली. आता तुझा बाबा मला वर्षानुवर्षं काय म्हणायचा ते सांगते. म्हणायचा, “ताई, आपण दिवसाची माणसं, आपल्याला अर्धाच समुद्र माहीत. एकदा रात्रीचं जाळं टाकायला मिळायला हवं.” आणि आमच्या कचेरीत रात्री होडी न्यायची परवानगी नाही. तर त्या रात्री तो आयताच तिथे होता, आणि कुणाची परवानगी घ्यायची नव्हती. त्याने जाळं टाकलं.

हे मला कसं कळलं? त्याने जे पकडलं ते माझ्या मायक्रोस्कोपखाली आहे. रात्रीच वर येणारे, काळ्या बटणाचे. त्यांच्याबरोबर खसखशीएवढे गोळेही आहेत. फॉर्मॅलिनने सुरकुतलेत बिचारे, पण जिवंत असताना त्यांना धक्का लागला की ते उजळतात, निळे. पाण्यात हात घातला तर हातभर उजळतात. म्हणजे त्याने जाळं ओढलं तेव्हा दोरी, जाळं, त्याचे हात, सगळं उजळलं असणार. हे त्याने पाहिलं. मी इतकी वर्षं या कामात आहे आणि मी ते कधी पाहिलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. काळ्या बटणवाल्यांना दोन लांब मिशा असतात, त्यांच्या अंगापेक्षा लांब आणि केसाहून बारीक. जाळं घाईने ओढलं तर मिशा मोडतात. जाळं बाहेरून नीट धुतलं नाही तर मोडतात. बाटलीत धसमुसळेपणाने ओतलं तरी मोडतात. माझ्या हातच्या नमुन्यांत निम्म्या मोडलेल्या असतात, बाबा त्यावरून माझी टिंगल करायचा. या बाटलीतल्या मिशा शाबूत आहेत. एक-दोन सोडल्या तर सगळ्या. ज्या माणसाचे हात थरथरत असतात त्याच्याकडून हे होत नाही. फॉर्मॅलिन बरोबर घातलंय, झाकणावर चिकटपट्टी नीट गुंडाळलीय, आणि क्रेट बाकाला बांधून ठेवलाय, घरी आणायचा म्हणून.

जागा बदलली की चिठ्ठी काढून टाकायची असा आमचा नियम आहे. त्याने तुझी चिठ्ठी काढली नाही. नियम मोडला म्हणून मी त्याला बोलणार नाही.

तेव्हा, त्या वेळी तो घाबरलेला नव्हता. हे मी तुला शपथेवर सांगते. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. पुढे वारा वाढला. ते बाटलीत नाही, आणि जे मी पाहिलं नाही ते मी तुला सांगणार नाही, तू कितीही विचारलंस तरी. मला स्वतःला ते रोज विचारावंसं वाटतं. मी खोलीत त्याला मोठ्याने विचारतेसुद्धा.

बाकीच्या बाटल्या मी साहेबांच्या स्वाधीन केल्या. ही ठेवली आहे. ती तुझी आहे. आईला बरं वाटेल तेव्हा, तिने ‘हो’ म्हटलं तरच, तू ये आणि स्वतःच्या डोळ्याने बघ. मिशा मोज, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

बाबाचं स्टूल तुला उंच पडलं असतं. मलाही पडत होतं, पण मी कुणाला हात लावू देत नव्हते. आज स्क्रू फिरवला. फार गंजला होता, साहेबांनी हातभार लावला तेव्हा हलला. तुझ्या मापाने खाली घेतलंय.

हे पत्र मी त्याच्यावर बसूनच लिहिलं.

तुझी, पाय जमिनीला टेकलेली,
आत्या